ज्याचा पत्ता, त्याचं चर्च

चर्चमध्ये आलेल्या माणसाला परकं वाटू नये म्हणून काय करावं, याची चर्चा हल्ली कॅथलिक मंडळींत बरीच चालते. दारात हात जोडून उभे राहणारे स्वयंसेवक नेमा, मिस्सेनंतर, म्हणजे मुख्य उपासनेनंतर, आवारात चहा ठेवा, तरुणांसाठी गिटार आणा. यातलं वाईट काहीच नाही. पण वसईतल्या जुन्या धर्मग्रामांकडे, म्हणजे पॅरिशांकडे, पाहिलं की वाटतं, माणसाला सामावून घ्यायची खरी ताकद या संस्थेच्या अगदी रूक्ष, कारकुनी भागात आहे. हद्द, नोंदवही, ठरलेला क्रम आणि लोकांची भाषा, एवढ्यावर हे सगळं उभं आहे.

आधी हद्द. कॅथलिक चर्चच्या १९८३च्या कायदेसंहितेप्रमाणे धर्मग्राम साधारणपणे भूभागावरून ठरतो. अमुक रस्त्यापासून तमुक खाडीपर्यंत राहणारा प्रत्येक कॅथलिक त्या चर्चचा. त्यासाठी अर्ज नाही, मुलाखत नाही, कुणाची शिफारस नाही. माणूस भांडखोर असेल, कर्जबाजारी असेल, दहा वर्षांत चर्चची पायरी चढला नसेल, तरी प्रमुख धर्मगुरूला ‘हा आमचा नाही’ म्हणता येत नाही. उलट त्यानंच घरोघरी जावं, आजारी, गरीब, एकट्या पडलेल्या आणि देशोधडीला लागलेल्या माणसांकडे विशेष लक्ष द्यावं, असं संहिता सांगते. दर रविवारी एक मिस्सा त्याला आपल्या धर्मग्रामातल्या लोकांसाठी अर्पण करावी लागते. त्या लोकांत न आलेलेही धरलेले असतात.

मंडळं आणि क्लब आपल्यासारखी माणसं वेचून घेतात. धर्मग्रामात शेजारी बसेल तो आपला. बँकेतले साहेब आणि त्यांच्या इमारतीचा वॉचमन एकाच बाकावर येतात, कारण दोघांचा पत्ता एकच. मला या संस्थेचं सगळ्यात मोठं वैशिष्ट्य हेच वाटतं, आणि ते कुणाच्या चांगुलपणावर अवलंबून नाही.

याच संहितेत आणखी एक छोटं कलम आहे, १२२१ क्रमांकाचं. विधी चालू असताना चर्चमध्ये प्रवेश मुक्त आणि विनामूल्य असला पाहिजे, एवढंच ते म्हणतं. म्हणूनच नाताळच्या मिस्सेला शेजारची हिंदू, मुस्लिम कुटुंबं सहज येऊन बसतात. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८पासून बुधवारची नोव्हेना, म्हणजे नेमानं केली जाणारी खास प्रार्थना, चालते; तिथल्या रांगेत कोण कुठल्या धर्माचा हे ओळखायला जाणं व्यर्थ आहे. दानाची थैली बाकाबाकांवरून फिरते तेव्हा काही न टाकता पुढे दिली तरी कुणी मान वळवून बघत नाही. पैसे नाहीत म्हणून कुणी संस्कारापासून वंचित राहू नये, याची काळजी घेण्याचा नियमही वेगळा लिहिलेला आहे.

वसईत ही संस्था रुजली ती पोर्तुगीजांबरोबर. १५३४च्या तहानं वसई त्यांच्याकडे गेली आणि किल्ल्यात व गावोगाव चर्चं उभी राहिली. इथला गोन्सालो गार्सिया १५९७ साली जपानात, नागासाकीला, क्रुसावर मारला गेला. १८६२मध्ये तो संत झाला. १७३९मध्ये चिमाजी आप्पांनी किल्ला जिंकला. किल्ल्यातली चर्चं पुढं ओस पडली, त्यांच्या घंटा नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, मेणवलीला, भीमाशंकराला गेल्या आणि आजही तिथं आहेत. पण वाड्यांमधली, पानमळ्यांमधली माणसं आपल्या श्रद्धेसह तिथंच राहिली. राज्यकर्ते गेले तरी धर्मग्राम टिकला, कारण तो राज्यकर्त्यांचा राहिला नव्हता. सामवेदी, वाडवळ, कोळी समाजांतल्या शेजाऱ्यांचा झाला होता. १९९८मध्ये मुंबईपासून वेगळा होऊन वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला.

रविवारी सकाळच्या मिस्सेला वसईतल्या कुठल्याही चर्चमध्ये जाऊन मागच्या बाकावर बसा. दाराशी पवित्र पाण्याचं भांडं असतं. येणारा त्यात बोटं बुडवून कपाळावर, छातीवर, दोन्ही खांद्यांवर क्रुसाची खूण करतो. पुढच्या बाकांवर लाल लुगड्यातल्या म्हाताऱ्या दिसतात. आता त्या थोड्याच उरल्या आहेत. बाकाच्या पाठीला खालच्या अंगाला गुडघे टेकायची आडवी फळी असते, आणि ती उघडताना होणारा खट्ट आवाज सगळ्या चर्चभर एकदम उठतो. नवख्याला तोच इशारा पुरतो. सगळे उभे राहिले की उभं राहायचं, बसले की बसायचं. आधी पश्चात्तापाची प्रार्थना, मग बायबलमधली वाचनं, प्रवचन, गरजवंतांसाठी विनंत्या, अर्पण आणि कम्युनियन, म्हणजे पवित्र भाकरीचं ग्रहण. हा क्रम नागपुरात तोच, न्यूजर्सीत तोच. गाणारे बेसूर असोत, प्रवचन लांबो, क्रम हलत नाही.

लोक म्हणतात, ठरावीक विधी कोरडे असतात. मला उलटं वाटतं. दर आठवड्याला नवं काही घडणाऱ्या प्रार्थनासभेत नवखा माणूस सारखा चाचपडतो; टाळ्या कधी वाजवायच्या, डोळे कधी मिटायचे, हे आतल्या लोकांनाच ठाऊक असतं. ठरलेल्या विधीत त्याला स्वतःचं काही सिद्ध करावं लागत नाही. मन लागलं नाही तरी चालतं. बापाच्या मर्तिकानंतर पहिल्यांदा आलेल्या मुलाला कुणी ‘कसं वाटतंय’ विचारत नाही. तो नुसता पाठ असलेले शब्द बोलतो आणि त्या दिवशी तेवढंच त्याला झेपतं.

कम्युनियनच्या थोडं आधी शांतीची खूण होते. युरोपात या वेळी हस्तांदोलन करतात. भारतातल्या बिशपांनी १९६९ साली विधींमध्ये काही भारतीय रीती आणायला रोमकडून परवानगी मिळवली, त्यात जोडलेले हात आले. तेव्हापासून या क्षणी पुढच्या बाकावरची आजी मागे वळते आणि ओळखदेख नसलेल्या माणसाला नमस्कार करते. नाव विचारत नाही. आपणही हात जोडतो आणि ती पुन्हा पुढं बघते. दारातल्या स्वयंसेवकाच्या हसण्यापेक्षा हा नमस्कार अधिक खरा वाटतो, कारण समोर कोण आहे हे न पाहताच तो ठरलेला असतो.

भाषेची गोष्ट लांबची आहे. इंग्लंडातून आलेल्या थॉमस स्टीफन्स या जेझुइट धर्मगुरूनं ‘क्रिस्तपुराण’ ओव्यांत रचून १६१६मध्ये छापलं, म्हणजे कथा-पुराण मराठीत होतं. मिस्सा मात्र लॅटिनमध्येच राहिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६३मध्ये लोकभाषांना दार उघडलं आणि वेदीवरून मराठी ऐकू येऊ लागली. त्यातून वसईत स्तोत्रं लिहिणारे, लेख लिहिणारे, व्याख्यानं देणारे धर्मगुरू तयार झाले. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिकाचं संपादन केलं, ‘सुबोध बायबल’साठी त्यांना साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि २०२०च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. मराठीतली मिस्सा नसती तर हे घडणं कठीण होतं.

आता याच भाषेची परीक्षा चालू आहे. लोकलच्या आधारानं वसई-विरार फुगलं. मंगळुरी, गोवेकर, तमिळ कुटुंबं फ्लॅट घेऊन आली. पत्त्याच्या नियमानं तीही त्याच धर्मग्रामाची. केरळच्या सिरो-मलबार मंडळींना त्यांचा वेगळा कल्याण धर्मप्रांत १९८८पासून आहे, बाकीचे मात्र गावच्या चर्चमध्येच येणार. त्यांच्यासाठी इंग्रजी मिस्सा सुरू झाली की जुन्या लोकांना मराठी मागे पडेल ही भीती वाटते, आणि ती भीती खोटी नाही. माझं मत असं, की वेगळी इंग्रजी मिस्सा जरूर असावी, पण सणाची मुख्य मिस्सा मराठीतच राहावी. पाहुण्याला जागा देताना यजमानानं घर सोडायचं नसतं.

कम्युनियनला मात्र रेषा आहे. ते कॅथलिकांनीच घ्यायचं, आणि तेही मनाच्या योग्य तयारीनं. बाहेरच्याला हे खटकतं. मला ते स्वच्छ वाटतं. सगळ्यांना सगळं देऊ करणाऱ्या घरी आपण पाहुणे आहोत की गिऱ्हाईक, हेच कळेनासं होतं. हे सांगण्याची रीत मात्र सुधारायला हवी. माइकवरून खेकसल्यासारखी सूचना येते तेव्हा तासभरात कमावलेलं सगळं एका वाक्यात जातं.

उणिवा आणखी आहेत. बाकावर एकत्र बसणाऱ्यांना लग्न ठरवताना पोटजाती आठवतात. पायऱ्या उंच, रॅम्प उशिरा सुचलेला. चोरीच्या भीतीनं दुपारी कुलूप लागतं. रोज निदान काही तास चर्च उघडं असावं असं संहिता म्हणते, तेही जेमतेम पाळलं जातं. भर दुपारी उघडं असलेलं रिकामं चर्च हे कुठल्याही स्वागत समितीपेक्षा मोलाचं आहे. कुणाला न भेटता येऊन बसायची गरज असलेली माणसं त्याच वेळी येतात.

आणि शेवटी नोंदवही. बाप्तिस्मा आणि लग्नाच्या नोंदी ठेवणं कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेनं १५६३मध्ये सक्तीचं केलं. बाप्तिस्म्याच्या नोंदीपुढं समास सोडलेला असतो. माणूस पुढं कुठंही लग्न करो, तिथून पत्र येतं आणि जन्मगावच्या वहीत, त्याच्या नावासमोर, ते लिहिलं जातं. टोरांटोत लग्न ठरलेल्या वसईकराला बाप्तिस्म्याचा ताजा दाखला गावच्या चर्चकडूनच मागवावा लागतो. तो गाव सोडतो, काही वेळा श्रद्धाही सोडतो. वहीतलं नाव कुणी खोडत नाही.

वसईला जाणं झालं तर रविवारची मिस्सा अवश्य पाहा. वेळा दाराजवळच्या फळ्यावर लिहिलेल्या असतात, कुठली मिस्सा मराठी हेही. मागच्या बाकावर बसा, कम्युनियनच्या रांगेत उभे राहू नका, आणि मोबाइल खिशातच ठेवा.