काश्मीरची दिद्दा राणी

आमच्या चौथीच्या पुस्तकात शिवाजी महाराजांचा इतिहास आहे. त्यांच्या सहाशे वर्षे आधी काश्मीरात दिद्दा नावाची राणी होऊन गेली. गुरुजींनी तिची गोष्ट सांगितली, ती मी लिहीत आहे.

दिद्दा ही लोहर राज्याच्या सिंहराज राजाची मुलगी. ती पायानं अधू होती. वल्गा नावाची बाई तिला पाठीवर घेऊन फिरायची. काश्मीरचा राजा क्षेमगुप्त याच्याशी तिचे लग्न झाले. राजाच्या नाण्यांवर त्याच्या नावाआधी दिद्दाचा ‘दि’ असे.

इ. स. ९५८ मध्ये राजा वारला. मुलगा अभिमन्यू लहान होता, म्हणून दिद्दा कारभार बघू लागली. सरदारांनी बंड केले. तिने काहींना सोने देऊन फोडले आणि बाकीच्यांना हरवले. ९७२ साली अभिमन्यूही वारला. मग तिचे तीन नातू एकामागून एक गादीवर बसले आणि तिघेही मेले. दिद्दानेच त्यांना मारवले, असे कल्हण पंडिताने ‘राजतरंगिणी’ या संस्कृत ग्रंथात लिहिले आहे. त्यानंतर सुमारे ९८० पासून ती स्वतःच राज्य करू लागली.

आता गादीला वारस कोण? कल्हण सांगतो, दिद्दाने माहेरच्या भाच्यांपुढे फळांचा ढीग टाकला. पोरं फळांसाठी मारामारी करू लागली. संग्रामराजाने मात्र सगळ्यांत जास्त फळे जमवली, आणि त्याला खरचटलंसुद्धा नाही. राणीने विचारले, कसं काय? तो म्हणाला, मी त्यांना आपसात भांडायला लावलं अन् बाजूला राहून फळं उचलली. राणीने त्यालाच वारस केले. १००३ साली ती वारली. तेव्हा लढाई न होताच क्षेमगुप्ताचे घराणे संपले आणि लोहर घराणे गादीवर आले. श्रीनगरातील दिद्दमर या भागाला तिचेच नाव आहे.

मी गुरुजींना विचारलं, ती चांगली का वाईट? गुरुजी म्हणाले, राज्य सांभाळलं हेही लिही आणि नातवांचंही लिही. म्हणून दोन्ही लिहिले. नातवांचे मला आवडले नाही.

माझाही डावा पाय अधू आहे. ओढ्याला पाणी आलं की माझी मैत्रीण मला पाठीवर घेऊन शाळेत आणते. काही मुलं मला लंगडी म्हणतात. त्यांनी ही गोष्ट जरूर वाचावी. वल्गाचे नाव हजार वर्षे राहिले, तसे माझ्या मैत्रिणीचेही राहावे असे मला वाटते.