चूक दाखवणाऱ्याला बक्षीस!

कचेरीत साहेबाची चूक दाखवणाऱ्या कारकुनाचे पुढे काय होते, हे नोकरी करणाऱ्या वाचक बंधू-भगिनींना आम्ही वेगळे सांगायला नको. 'जास्त शहाणपणा करू नका' एवढे ऐकून तो बिचारा खाली मान घालून आपल्या टेबलाशी येतो. परंतु जगात आज असाही एक व्यवहार चालू आहे, जिथे कंपनीची चूक शोधून काढणाऱ्या परक्या माणसाला कंपनी स्वतः पैसे मोजते आणि त्याचे आभारही मानते. हा मान मिळवणाऱ्यांत आपल्या महाराष्ट्रातील, सोलापूरचा एक तरुण आहे. म्हणून हा विषय कष्टकरी कुटुंबांतील आई-वडिलांपुढे आणि शिकणाऱ्या मुलामुलींपुढे मांडावा, असे आम्हांस वाटले.

सोलापूरचा मयूर

सोलापूरचा मयूर फरताडे हा २०२१ साली एकवीस वर्षांचा, संगणक अभियांत्रिकी शिकणारा विद्यार्थी होता. इन्स्टाग्राम हे फोटो आणि व्हिडिओ टाकण्याचे ठिकाण आज खेड्यापाड्यांतील मुलांनाही माहीत आहे. त्यावर आपले खाते खासगी ठेवता येते, म्हणजे आपण परवानगी दिलेल्या माणसांनाच आपले फोटो दिसतात. निदान तसे दिसावेत, अशी व्यवस्था आहे. मयूरच्या लक्षात आले की या व्यवस्थेला एक भोक आहे.

ते समजावून घेण्यासाठी बँकेतील खिडकी डोळ्यांपुढे आणा. तुम्ही दुसऱ्याच्याच खात्याचा नंबर सांगितला आणि खिडकीतल्या बाबूने 'तुम्ही कोण?' हे न विचारता त्या माणसाचे पासबुक तुमच्या हाती ठेवले, तर काय होईल? तसेच इथे होत होते. इन्स्टाग्रामवरील प्रत्येक फोटोला, व्हिडिओला एक क्रमांक असतो. तो क्रमांक सांगून विशिष्ट पद्धतीने मागणी केली की, मागणाऱ्याला परवानगी आहे की नाही हे न तपासताच, खासगी खात्यातील मजकूरसुद्धा पुढे येत होता.

आता या मुलापुढे दोन वाटा होत्या. एक, लोकांच्या लेकी-सुनांचे खासगी फोटो काढून त्यांचा गैरवापर करणाऱ्यांच्या हाती ही किल्ली विकण्याची. दुसरी, ज्याचे घर त्यालाच सांगण्याची. मयूरने १६ एप्रिल २०२१ रोजी ही उणीव फेसबुक कंपनीला कळवली; इन्स्टाग्रामची मालकी त्याच कंपनीकडे आहे. कंपनीने आणखी माहिती विचारली, ती त्याने दिली, दुरुस्ती झाली आणि जूनमध्ये कंपनीने त्याला ३०,००० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे २२ लाख रुपयांचे बक्षीस दिले. भोक बुजल्यानंतरच त्याने ही सगळी हकिकत जगापुढे मांडली, ही गोष्ट आमच्या मते रकमेहूनही महत्त्वाची आहे.

कंपन्या पैसे का देतात?

ही पद्धत नवी नाही. १९८३ साली अमेरिकेतील हंटर अँड रेडी या कंपनीने आपल्या संगणक प्रणालीत चूक दाखवणाऱ्याला फोक्सवॅगनची 'बीटल' मोटार देण्याची जाहिरात केली होती. इंग्रजीत 'बग' म्हणजे किडा. संगणकातील चुकीलाही बग म्हणतात आणि त्या मोटारीलाही लोक बगच म्हणत, असा तो विनोद होता. १९९५ साली नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरमधील चुकांसाठी रोख बक्षिसे ठेवली. पुढे २०१० साली गुगलने आणि २०११ साली फेसबुकने आपल्या वेबसाईटसाठी हीच योजना सुरू केली. याला 'बग बाउंटी' म्हणतात.

यात कंपनीचा दानधर्म नाही, हिशेब आहे. पाचपन्नास पगारी अभियंत्यांच्या नजरेतून जे सुटते, ते हजारो परक्या नजरांतून सुटत नाही. आणि चोरी झाल्यावर होणाऱ्या नुकसानीपेक्षा आधी दिलेले बक्षीस केव्हाही स्वस्त पडते.

पण कंपनी प्रत्येक वेळी न्यायाने वागतेच असे नाही. २०१३ साली पॅलेस्टाईनमधील खलील श्रेतेह या बेकार तरुणाने फेसबुकवर कोणाच्याही पानावर परवानगीवाचून लिहिता येते, हे दाखवून दिले. 'ही चूकच नाही' असे उत्तर आल्यावर त्याने थेट कंपनीचे मालक मार्क झुकेरबर्ग यांच्याच पानावर लिहून ते सिद्ध केले! चूक दुरुस्त झाली, परंतु 'नियम मोडलास' म्हणून बक्षीस नाकारले गेले. तेव्हा संगणक सुरक्षेच्या क्षेत्रातील लोकांनी आपसांत वर्गणी काढून त्याला दहा हजार डॉलरहून अधिक रक्कम मिळवून दिली. गरिबाच्या बोलण्याला पहिल्या झटक्यात किंमत मिळत नाही, हा अनुभव तिकडेही तोच.

आपला काय संबंध?

वाचक म्हणतील, हट्ट्यासारख्या गावात बसून आम्हांला अमेरिकेतल्या कंपन्यांचे काय? संबंध आहे, आणि फार जवळचा आहे. आज आपल्या मुलांच्या शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीच्या वेबसाईटवर भरावा लागतो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, आधार क्रमांक, बँक खाते असे आपल्या घरातील ट्रंकेत कुलपात ठेवलेले सगळे कागद आता कुठल्या ना कुठल्या वेबसाईटवर पडून आहेत. ट्रंकेचे कुलूप आपण ओढून पाहू शकतो. वेबसाईटचे कुलूप ज्याला कळते त्यानेच पाहायचे. त्याने पाहून सांगितले, तर त्यात सर्वांत मोठा फायदा आपल्यासारख्यांचाच आहे. कारण खात्यातून गेलेले पाच हजार रुपये श्रीमंताला जाणवत नाहीत, मजुराच्या घरात मात्र त्या महिन्याची चूल विझते.

आणि इथेच आपल्याकडची अडचण आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात शिरणे चूक आहे, आणि ते अप्रामाणिक हेतूने केल्यास कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. चोरांसाठी हा कायदा हवाच. पण भल्या हेतूने उणीव सांगायला आलेल्या मुलालाच आधी दरडावले, तर पुढच्या वेळी तो गप्प बसेल आणि चोर मात्र आपले काम करून जाईल. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती हीच.

सरकारी पातळीवर काही पावले पडली आहेत. सर्ट-इन ही केंद्र सरकारची संस्था २००४ पासून काम करते. कोणत्याही वेबसाईटमधील उणीव तिला कळवता येते. आधारच्या प्राधिकरणाने २०२२ साली आपली यंत्रणा तपासण्यासाठी अशा वीस जाणकारांना परवानगी देऊन नेमण्याचे जाहीर केले. परंतु वीस जणांनी भागणारे हे काम नाही. ज्या ज्या वेबसाईटवर जनतेचे कागद आहेत, तिथे 'उणीव आढळल्यास येथे कळवा, कळवणाऱ्यावर कारवाई होणार नाही' अशी स्पष्ट पाटी हवी, आणि शक्य तिथे बक्षीसही हवे.

शिकणाऱ्या मुलामुलींसाठी

बावीस लाखांचा आकडा वाचून कोणी कॉलेज सोडू नये. ही लॉटरी नाही, तसा हा महिन्याचा पगारही नाही. एकच चूक दोघांनी शोधली, तर बक्षीस बहुधा आधी कळवणाऱ्याला मिळते. महिनोन्महिने काहीच हाती लागत नाही, असेही होते. मात्र ही विद्या शिकायला मोठी फी लागत नाही. पोर्टस्विगरच्या 'वेब सिक्युरिटी अकॅडमी'चे धडे व सराव फुकट आहेत. म्हणून 'दोन महिन्यांत हॅकर बनवतो' म्हणून हजारो रुपये मागणाऱ्यांपासून सावध राहावे. इंग्रजी वाचण्याची सवय, संगणकाची पायाभूत समज आणि चिकाटी, ही खरी फी.

चार पथ्ये मात्र कधीही मोडू नयेत. ज्या कंपनीने जाहीर परवानगी दिली आहे, तिथेच आणि तिच्या नियमांतच तपासणी करावी. उणीव सिद्ध करण्यासाठी स्वतःचीच दोन खाती वापरावीत, दुसऱ्याची माहिती उघडू नये, उतरवून घेऊ नये. दुरुस्ती होईपर्यंत गावभर बोलू नये. आणि 'पैसे द्या, नाहीतर फोडतो' असे म्हणू नये. ते संशोधन नव्हे, खंडणी होय.

आई-वडिलांनाही एक विनंती. निकाल पाहताना आपल्या मुलीने सांगितले, 'बाबा, नुसता नंबर बदलला तर दुसऱ्यांचेही सगळे कागद दिसतात,' तर 'तुला काय करायचंय!' म्हणून तिला गप्प करू नका. तिला तिथेच थांबवा, तारीख-वेळ लिहून ठेवायला सांगा, आणि दोघे मिळून ते सर्ट-इनला व त्या कचेरीला लेखी कळवा. कळवल्याची पोच जपून ठेवा. त्या एका पत्रामुळे आपल्यासारख्या कितीतरी घरांचे कागद सुरक्षित राहतील.