पुरावा हाती आला, पुढे काय?

रहस्यकथेचा एक ठरलेला शिरस्ता असतो. खून होतो, शोध सुरू होतो आणि शेवटच्या पानावर खुनी सापडला की वाचक पुस्तक मिटून निर्धास्त झोपी जातो. खुनी कोण हे कळले म्हणजे न्याय झाला, असे बाबूराव अर्नाळकरांच्या काळापासून आपण धरूनच चाललो आहोत. कुंदन शाह यांच्या 'जाने भी दो यारों' या १९८३ सालच्या हिंदी चित्रपटाने हा शिरस्ता पार मोडून टाकला. येथे खुनी बराच आधी कळतो. खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते.

विनोद आणि सुधीर हे दोन कफल्लक मित्र मुंबईत फोटो स्टुडिओ काढतात. गिऱ्हाईक फिरकत नाही. अशात 'खबरदार' नावाच्या पत्राची संपादिका शोभा त्यांना काम देते: तरनेजा नावाचा बिल्डर आणि महापालिकेचे आयुक्त डिमेलो यांचे गुपचूप चाललेले व्यवहार कॅमेऱ्यात पकडायचे. एके दिवशी हे दोघे स्वतःसाठी म्हणून बागेत फोटो काढतात आणि त्यातल्या एका फोटोत मागे काहीतरी अंधुक दिसते. आपल्या पिढीला हे समजावून सांगावे लागेल, कारण आपण दोन बोटांनी पडद्यावरचे चित्र मोठे करतो. तेव्हा अंधाऱ्या खोलीत निगेटिव्हमधून प्रकाश सोडून मोठ्या कागदावर छाप घ्यावा लागे. छाप जितका मोठा, तितके कण फुटत आणि चित्र विरत जाई. अशा विरलेल्या चित्रातून त्यांना खून दिसतो. मेलेला माणूस डिमेलो! ही युक्ती अँटोनिओनी या इटालियन दिग्दर्शकाच्या 'ब्लो-अप' (१९६६) या चित्रपटावरून घेतलेली आहे आणि कुंदन शाहांनी ते लपवलेले नाही. त्या बागेचे नावच 'अँटोनिओनी पार्क' ठेवले आहे!

पुढे प्रेतही सापडते. मग जी धमाल उडते ती लिहून सांगण्यात अर्थ नाही. एवढेच सांगते, की दारूच्या नशेतला अहुजा शवपेटीला बंद पडलेली मोटार समजून आतल्या प्रेताला मदत करू लागतो, आणि शेवटी ते प्रेत रंगमंचावर द्रौपदीच्या वेषात उभे राहते. वस्त्रहरण चाललेले असते, आणि साडी फिटू नये म्हणून झटत असतात ते कृष्ण नव्हे, प्रेताचे मालक होऊ पाहणारे सगळे! सतीश शाह यांनी अर्धा चित्रपट प्रेत होऊन काढला आहे. मेल्यावर इतके काम करणारा नट माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

नसीरुद्दीन शाह, रवी बासवानी, ओम पुरी, पंकज कपूर, सतीश कौशिक, नीना गुप्ता ही नामावळी आज वाचली की वाटते, केवढी ही तारकांची मांदियाळी! पण त्या वेळी यांतली बहुतेक मंडळी दिल्लीच्या नाट्य विद्यालयातून किंवा पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून आलेली, धडपडणारी होती. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या पैशावर, सुमारे सात लाखांत हे सारे उभे राहिले. आणि शोभा? ती आपल्या भक्ती बर्वे. 'ती फुलराणी'तल्या मंजुळेमुळे ज्यांना मराठी माणूस ओळखतो, त्यांनीच येथे गोड हसत सगळ्यांचा विश्वासघात केला आहे.

माझ्या मते चित्रपटाचे मर्म या शोभेत आहे. तरनेजा लबाड आहे हे पहिल्यापासून माहीत असते. अहुजा त्याचा प्रतिस्पर्धी, म्हणून तोही लबाड. परंतु संपादिका सत्य छापील अशी आपली भाबडी समजूत असते. ती छापत नाही, किंमत ठरवते. पुरावा ज्याच्या हाती जातो तो त्याचा सौदा करतो. पूल कोसळतो, वरचे सगळे आपसात मिटवून घेतात आणि दोष येतो विनोद-सुधीरच्या माथी.

मेडशीला घरी मी हा चित्रपट मोबाईलवर लावला होता. माझ्या वडिलांना हिंदी कळते, पण तीन तासांचा सिनेमा ते सहसा पाहत नाहीत. हा मात्र पाहिला, द्रौपदीच्या वेळी डोळे पुसेपर्यंत हसले. शेवट झाल्यावर म्हणाले, "मंग फोटो कायले काढले होते बाई त्याइनं?" मला उत्तर देता आले नाही. सोयाबीन पाण्याखाली गेले की आम्हीही बांधावर उभे राहून फोटो काढतो, मीच ते पाठवते, कारण घरात फॉर्म भरता येणारी मीच एकटी. फोटो जातो. पुढे तो कोण पाहतो, कोणास ठाऊक.

असाच एक शेवट मराठीत त्याआधी चार वर्षे येऊन गेला होता. जब्बार पटेल यांच्या 'सिंहासन' (१९७९) मध्ये अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली. त्यात निळू फुले यांचा पत्रकार दिगू टिपणीस सत्तेचे सगळे डाव जवळून पाहतो आणि अखेरीस रस्त्यावर वेड्यासारखा हसत सुटतो. विनोदाचा लवलेश नसलेल्या चित्रपटाचा शेवट हसण्यावर. आणि पोट धरून हसवणाऱ्या 'जाने भी दो यारों'च्या शेवटी दोघे मित्र कैद्यांच्या कपड्यांत मुंबईच्या रस्त्यावरून चालत येतात, आपल्याकडे पाहतात आणि गळ्यावरून हात फिरवतात. याच्या उलट, २०२२ साली आलेल्या 'ॲमस्टरडॅम' या अमेरिकी चित्रपटात १९३३ सालचे तीन मित्र कट उघडकीस आणतात, एक सेनापती भर सभेत बोलतो आणि कट फसतो. त्यात मोठमोठे नट आहेत, पण मला तो तितकासा भिडला नाही. तिथे ऐकून घेणारा माणूस फार लवकर भेटतो.

आपल्या वाङ्मय मंडळाला माझी विनंती आहे, की येत्या वर्षी सभागृहात हे दोन चित्रपट लागोपाठ दाखवावेत. 'सिंहासन' आधी, 'जाने भी दो यारों' नंतर. मधे चहाची सुट्टी असावी आणि प्रवेश गावकऱ्यांनाही असावा.