नारळी पौर्णिमेच्या होड्या

श्रावणातली पौर्णिमा म्हणजे नारळी पौर्णिमा. त्या दिवशी मुंबईला वरळीच्या, माहीमच्या किंवा वेसाव्याच्या कोळीवाड्यात जाऊन बघा. रोजच्या होड्या ओळखू येत नाहीत. अंगावर ताजा रंग, डोलकाठीपासून खाली ताणलेल्या पताका, पुढच्या टोकाला झेंडूचे हार. नवरी नटवावी तशी होडी नटवलेली असते.

एवढा थाट कशासाठी? जूनमध्ये पाऊस लागला की दर्या खवळतो. वारा नैऋत्येकडून येतो, लाटा उंच उठतात. तेव्हा होडी वर ओढून घेतात आणि झावळ्यांनी किंवा ताडपत्रीने शाकारून ठेवतात. मग कोळ्याच्या घरात काम काय? जाळी विणायची, फळ्यांच्या फटी बुजवायच्या, इंजिन खोलून साफ करायचे. कमाई मात्र बंद. घरखर्चाला उसने पैसे काढावे लागतात. श्रावणात पावसाचा जोर ओसरतो. मग दर्याला नारळ द्यायचा, शांत हो म्हणून विनवायचे, आणि होडी पाण्यात घालायची, अशी जुनी रीत. पताकांखाली नीट पाहा. दुरुस्त केलेली जाळी रचून ठेवलेली दिसतील.

आता यात सरकारी कायदाही आला आहे. पावसाळ्यात पुष्कळ जातींचे मासे अंडी घालतात. तेव्हाच जाळे टाकले तर पुढच्या वर्षी धरायचे काय? म्हणून यंत्राच्या बोटींना पावसाळ्यात मासेमारीची बंदी असते. पूर्वी महाराष्ट्रात ही बंदी नारळी पौर्णिमा किंवा 15 ऑगस्ट, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत असे. पुढे ती 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची झाली. पण पौर्णिमा काही सरकारी तारखेला येत नाही! 2023 साली अधिक श्रावण आला, आणि नारळी पौर्णिमा 30 ऑगस्टला गेली. बंदी उठून महिना झाला होता. अशा वेळी कोळ्याने काय करावे? जुन्या रीतीने थांबावे, तर शेजारची बोट मासळी घेऊन येते. निघावे, तर दर्या अजून निवलेला नसतो, आणि जाळ्यात लहान पिल्ले येतात. आमच्या मते थांबणाऱ्याचे म्हणणे खरे आहे. पण दोन महिने रिकामा बसलेल्या माणसाला ते सांगणे सोपे नाही.

सणाच्या दिवशी कोळीवाड्यातून वाजतगाजत मिरवणूक निघते. बायका ठेवणीतली लुगडी नेसतात, अंगभर दागिने घालतात. पुढे मानाचा ‘सोन्याचा नारळ’ असतो. सोने म्हणजे सोनेरी कागद बरं का! पूजा करून तो दर्याला देतात. सजवलेल्या होड्या पाण्यात फिरतात, आणि काठावर माणसांची दाटी होते.

पाहायला जाल तेव्हा भरतीचे भान ठेवा. पौर्णिमेला सूर्य, पृथ्वी आणि चंद्र जवळजवळ एका ओळीत येतात. सूर्याची आणि चंद्राची ओढ एकत्र होते, म्हणून पाणी जास्त चढते. यालाच उधाण म्हणतात. मुंबईत त्या दिवशी दुपारी बारा-एकच्या सुमाराला पूर्ण भरती असते. ओहोटीच्या आणि भरतीच्या पाण्यात चार मीटरांच्या आसपास फरक पडतो. एकावर एक दोन माणसे उभी केली, तरी बुडतील! सकाळी ज्या खडकावर कोरडे उभे होतात, तो दुपारी दिसणारही नाही. तेव्हा मुलांचा हात सोडू नका. होडीत बसायची हौस असेल, तर तांडेलाला विचारा. तो ‘जागा नाही’ म्हणाला, तर हट्ट धरू नका. होडीत बसलात तर तरंगते जाकीट अंगात घाला. त्याने फोटो बिघडत नाही.

संध्याकाळी पाणी उतरते, आणि खाडीच्या तोंडाशी होडी चिखलात रुतायची भीती असते. म्हणून तांडेल वेळेत होडी फिरवतो. तोवर घरात नारळीभात शिजलेला असतो.