गोवराची साथ आणि शेजारधर्म

कामतघर म्हटलें कीं भिवंडीकरांस वऱ्हाळादेवीचा तलाव आठवतो, आणि साथीचा रोग म्हटला कीं प्रथम पाण्याचा संशय येतो. पटकी किंवा विषमज्वर यांच्या बाबतींत तो रास्तही असतो. पाणी उकळून प्यालें म्हणजे तें भय बरेंचसें टळतें. परंतु २०२२ सालच्या अखेरीस मुंबई, मालेगांव व भिवंडी या शहरांत गोवराची साथ पसरली, ती हवेंतून. आणि हवा कांहीं उकळून घेतां येत नाहीं.

गोवराचें मूळ एक विषाणु आहे. विषाणूला स्वतः वाढण्याचें सामर्थ्य नसतें. सजीव पेशींत शिरून तिच्याकडूनच तो आपल्या प्रती घडवून घेतो. रोगी खोकला वा शिंकला कीं हे विषाणु हवेंत मिसळतात, आणि तो निघून गेल्यावरही सुमारें दोन तासांपर्यंत त्या खोलींतील हवा बाधक राहूं शकते. यंत्रमागांच्या गांवांतील दाट वस्तींत याचा अर्थ काय होतो, हें सांगावयास नको.

अडचण आणखी एक आहे. संसर्गानंतर साधारण दहा दिवसांनीं ताप, सर्दी व खोकला सुरू होतो. अंगावर पुरळ उठतो तो त्याहीनंतर कांहीं दिवसांनीं. पण पुरळ उठण्याच्या चार दिवस आधींपासूनच रोगी दुसऱ्यांस रोग देत असतो. घरच्या माणसांना 'गोवर' हें नांव सुचेपर्यंत रोग शेजारीं जाऊन पोहोंचलेला असतो. रोग्यास वेगळें ठेवावें हें खरें. पण तेवढ्यानें साथ थांबत नाहीं.

मग ती थांबते कशानें? कोणासच संरक्षण नसेल, तर एक रोगी बारा ते अठरा जणांस रोग देतो. त्या अठरांपैकीं सतरा सुरक्षित असले, तर तो एकासच देईल आणि साथ वाढणार नाहीं. हें प्रमाण शेंकडा ९४ हून थोडें अधिक पडतें; म्हणूनच शेंकडा ९५ मुलांना लसीच्या दोन मात्रा मिळाव्या, असा तज्ज्ञांचा आग्रह असतो. पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. २०२० पासूनच्या कोरोनाच्या काळांत हा क्रम अनेक ठिकाणीं खंडित झाला होता.

'गोवर सर्वांनाच येतो, येऊन जाईल' ही समजूत घातक आहे. त्यांतून फुप्फुसदाह होतो, क्वचित् दृष्टि जाते, प्रसंगीं मृत्युही ओढवतो. शिवाय पूर्वींच्या रोगांची शरीरानें जपलेली ओळख हा विषाणु पुष्कळ अंशीं पुसून टाकतो. त्यामुळें बरें झालेलें मूलही पुढें कित्येक महिने इतर रोगांस सहज बळी पडतें.

आईकडून आलेलें संरक्षण कांहीं महिन्यांत ओसरतें, आणि लसीची वेळ तर नऊ महिन्यांनीं येते. साथीच्या भागांत सहा महिन्यांपासून जादा मात्रा देण्याची सूचना २०२२ मध्यें केंद्र सरकारनें केली होती. पण एरव्हीं मधल्या काळांत त्या बाळाचें रक्षण शेजारच्या मुलांना टोंचलेली लसच करते.