नृत्याचा रियाज आणि घरातील चार हात जागा

नृत्यवर्गाची फी भरली, घुंगरू आणून दिले आणि वर्षाकाठी स्नेहसंमेलनात मुलीचे कौतुक करून घेतले, म्हणजे आपले कर्तव्य संपले असे समजणारे पालक पुष्कळ आढळतात. वर्गात बीज पडते हे खरे. परंतु ते रुजते घरी. घरी रियाज नसेल तर दर आठवड्यास गुरुजींना मागचाच धडा पुन्हा गिरवून घ्यावा लागतो, आणि एक दिवस मूलच कंटाळून म्हणते, "मला नाही जमत." ते जमत नाही याचे कारण बहुधा मुलाच्या पायांत नसते, घराच्या दिनक्रमात असते.

आमचे भोपाळ या बाबतीत भाग्यवान आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवा मध्यप्रदेश अस्तित्वात आला आणि भोपाळ त्याची राजधानी झाले, तेव्हा नागपूरच्या कचेऱ्यांतून अनेक मराठी कुटुंबे येथे आली. पुढे १९८१ साली याच शहरात कथकच्या शिक्षणासाठी चक्रधर नृत्य केंद्र सुरू झाले. आज छत्तीसगडात असलेल्या रायगड संस्थानचे अधिपती राजा चक्रधर सिंह यांचे नाव त्यास दिलेले आहे. या कलाप्रेमी राजाने लखनौ व जयपूर या दोन्ही घराण्यांचे नामवंत गुरू आपल्या दरबारी आणवून खेड्यापाड्यांतील गुणी बालकांना त्यांच्या हाती सोपविले. त्या बालकांपैकी एक, कार्तिकराम, पुढे पंडित कार्तिकराम म्हणून विख्यात झाले आणि भोपाळच्या या केंद्रात त्यांनी शिष्य घडविले.

रायगडच्या त्या बालकांचा रियाज गुरूंच्या डोळ्यांदेखत चाले. आपल्या मुलांना तो लाभ नाही. त्यांच्या वाट्यास आठवड्यातून तासाचे दोन वर्ग येतात. पण हिशेब करून पाहावा: घरी रोज वीस मिनिटे याप्रमाणे सहा दिवसांचे दोन तास होतात. म्हणजे घरच्या अल्पशा रियाजाने शिक्षणाचा काळ दुप्पट होतो, आणि त्यास एक पैसाही लागत नाही. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात ते हेच.

आता ही सवय लावावी कशी? प्रथम वेळ ठरवावी. आणि ती घड्याळापेक्षा रोजच्या एखाद्या कामाशी जोडावी. शाळेतून आल्यावर दूध पिऊन झाले की रियाज, अथवा सकाळी दात घासून झाले की रियाज. उन्हाळ्यात भोपाळची दुपार असह्य असते, तेव्हा सकाळच बरी. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील फिलिपा लॅली व त्यांच्या सहकाऱ्यांनी सवयीविषयी केलेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. ९६ जणांनी रोज एकाच प्रसंगाला जोडून एखादे नवे काम करण्याचा प्रयत्न केला. ते अंगवळणी पडण्यास लागणारा काळ मधल्या मापाने ६६ दिवसांचा निघाला. मात्र कोणाला १८ दिवस पुरतील, तर कोणाला २५४ लागतील, एवढे अंतर त्यात आढळले. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, हेही त्यांना दिसून आले. म्हणून पंधरा दिवसांत मुलीला गोडी लागली नाही तर निराश होऊ नये. आणि एक दिवस बुडाला तर रागावूही नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे करावे, म्हणजे झाले.

दुसरी गोष्ट जागेची. नृत्याला दिवाणखाना लागत नाही. चार हात मोकळी जागा पुरते. मात्र ती रोज तीच असावी, आणि रियाजाच्या वेळी तेथे खुर्ची, सायकल वा वाळत घातलेले कपडे नसावेत. घुंगरू ट्रंकेच्या तळाशी न ठेवता डोळ्यांसमोर फळीवर ठेवावेत. आपल्या घरांतील फरशी दगडी असते. ती पावलाखाली मुळीच दबत नाही. तिच्यावर पूर्ण जोराने पाय आपटल्यास नडग्या व गुडघे दुखू लागतात. म्हणून घरी पाय हलका पण स्पष्ट टाकावा, आधी घोटे व पोटऱ्या सैल करून घ्याव्यात, आणि दुखू लागल्यास थांबून गुरुजींना विचारावे. घसरणारी सतरंजी पायांखाली घालू नये.

वीस मिनिटांत करावे काय? पहिली पाच मिनिटे अंग मोकळे करणे. पुढील दहा मिनिटे तत्कार. शेवटची पाच मिनिटे नव्या तुकड्याची उजळणी. 'ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्' हे आठ बोल त्रितालाच्या सोळा मात्रांत दोनदा येतात. ते प्रथम ठाय लयीत, मग दुगुनीत करावेत. लय धावू लागली की पुन्हा ठाय लयीवर यावे. घाईत केलेल्या शंभर आवर्तनांपेक्षा शुद्ध दहा अधिक मोलाची. मोबाईलवर लहरा लावता येतो. पण त्याच मोबाईलवरील इतर करमणूक तेवढा वेळ बंद असावी!

मजल्यांच्या घरांत राहणारे म्हणतील, "खालच्यांना त्रास होतो." रास्त आहे. कोणाचे तान्हे मूल झोपलेले असते, कोणी रात्रपाळी करून आलेले असते. अशा दिवशी पढंत करावी: खाली बसून पहिल्या, पाचव्या व तेराव्या मात्रेवर टाळी आणि नवव्या मात्रेवर खाली दाखवीत बोल मुखाने म्हणावेत. ज्याचे बोल तोंडी पक्के, त्याचे पाय सहसा चुकत नाहीत.

परंतु वेळ आणि जागा ठरवूनही एक अडचण उरते, आणि ती बोलून दाखविणे आम्हांस अगत्याचे वाटते. मुलगा गणिते सोडवीत बसला असता त्यास कोणी हाक मारीत नाही. मुलगी रियाजास उभी राहिली की मात्र "जरा कणीक मळ", "पाहुण्यांना पाणी दे" असे सुरू होते. तिने घरकाम शिकू नये असे आम्ही म्हणत नाही. ते दोघांनीही शिकावे. पण ज्या कामातून केव्हाही उठविता येते ते काम क्षुल्लक, हे मुले न सांगता शिकतात. मग दहावीचे वर्ष येते, घुंगरू वर ठेवले जातात, आणि पुष्कळ घरी ते पुन्हा खाली येत नाहीत. परीक्षेच्या काळात वीसची दहा मिनिटे करावीत, पण शून्य करू नयेत. आणि मुलाला नाचावेसे वाटले तर त्याची थट्टा करू नये. पंडित कार्तिकरामही एके काळी नाचणारा लहान मुलगाच होते.

आपल्या प्रत्येक मुलीने रंगमंच गाजवावा असे नव्हे. परंतु हाती घेतलेले काम कोणी पाहत नसतानाही रोज नेमाने करणे ही शिकवण ज्या मुलाच्या अंगी बाणली, त्यास ती जन्मभर पुरते. पालकहो, त्यासाठी तुमच्याकडून फार मागणे नाही. आज संध्याकाळी घरातील एक कोपरा मोकळा करा, वेळ ठरवा, आणि ती वीस मिनिटे मुलीला हाक मारू नका.