रेडॉक्स अनुमापन

रेडॉक्स अनुमापन ही ऑक्सिडीकरण-क्षपण अभिक्रियेच्या साहाय्याने द्रावणातील पदार्थाचे प्रमाण ठरविण्याची पद्धत आहे. नवी मुंबईतील ऐरोलीच्या एका बाजूस ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा, तर दुसऱ्या बाजूस ठाणे खाडी व २०१५ मध्ये घोषित झालेले फ्लेमिंगो अभयारण्य आहे. अशा ठिकाणी सांडपाण्याची रासायनिक ऑक्सिजन मागणी (सीओडी) मोजण्याची प्रचलित रीत हीच आहे.

== अभिक्रियेचा वेग ==
थेट अनुमापनासाठी अभिक्रिया जलद असावी लागते. ऑक्झॅलिक आम्ल व पोटॅशियम परमँगनेट यांची अभिक्रिया सामान्य तापमानास इतकी मंद असते, की पहिल्या थेंबांचा गुलाबी रंग रेंगाळतो आणि नवख्यास तोच अंतिम बिंदू वाटतो. म्हणून द्रावण सुमारे ६०° से. पर्यंत तापवतात. पुढे तयार होणारे मँगनीज(II) आयनच उत्प्रेरकाचे काम करतात.

सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्ये याहूनही सावकाश ऑक्सिडीकृत होतात. त्यामुळे जास्तीचे पोटॅशियम डायक्रोमेट घालून, सल्फ्युरिक आम्ल व सिल्व्हर सल्फेटसह नमुना २ तास उकळतात आणि उरलेले डायक्रोमेट फेरस अमोनियम सल्फेटने मोजतात. ही दुसरी अभिक्रिया तत्काळ होते.

== दर्शक ==
परमँगनेट स्वतःच दर्शक असते. डायक्रोमेटच्या बाबतीत क्रोमियम(III) आयनांचा हिरवा रंग आड येतो, म्हणून फेरोइन वापरतात. त्याचा रंग निळसर हिरव्यातून एकदम तांबूस तपकिरी होतो. अंतिम बिंदूजवळ एका थेंबासरशी द्रावणाच्या विभवात होणाऱ्या उडीच्या टप्प्यातच दर्शकाचा विभव असावा लागतो. फेरोइनचा विभव सुमारे १.०६ व्होल्ट आहे.

== अचूकता ==
खाडीच्या पाण्यात मोठी चूक बहुधा दर्शकामुळे नव्हे, तर मिठामुळे होते. डायक्रोमेट क्लोराइडचेही ऑक्सिडीकरण करते व १ मिलिग्रॅम क्लोराइड ०.२२६ मिलिग्रॅम ऑक्सिजनची खोटी मागणी दाखवू शकते. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असते. म्हणजे त्यात सेंद्रिय प्रदूषण मुळीच नसले, तरी सीओडी ४,३०० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या आसपास भरू शकतो. सांडपाणी सोडण्याची भारतातील सर्वसाधारण मर्यादा मात्र २५० आहे. भरती-ओहोटी व पावसाळा यांनुसार खाडीची क्षारता बदलत असल्याने क्लोराइड आधी मोजणे आवश्यक ठरते.

क्लोराइड बांधून ठेवण्यासाठी मर्क्युरिक सल्फेट घालतात. तरीही लिटरमागे २,००० मिलिग्रॅमपेक्षा अधिक क्लोराइड असल्यास नेहमीची पद्धत भरवशाची राहत नाही. शिवाय या चाचणीतून उरणारे द्रावण पारा व क्रोमियम यांमुळे विषारी असते. प्रदूषण मोजणाऱ्या प्रयोगशाळेस ते वेगळे साठवावे लागते. नाल्यात ओतता येत नाही.